संगणकावर माणसाचा चेहरा घडविताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात पनवेल येथे दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की आरोग्य, काटकसर, मुलांचे संगोपन असे विषय आपल्या सवयीचे आहेत. यंदा मात्र चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही संगणकावर माणसांचे चेहरे घडवता, त्याच्यावर बोला. पण बाई, आम्हा सगळ्यांना समजेल असं बोला." ही अट मला मनापासून पटली. मी पुष्कळ वर्षे शाळेत चित्रकला शिकविली. निवृत्त झाल्यावर भाचीने आपल्या संगणकावर ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर दाखविले आणि तेव्हापासून हा नाद लागला. तेव्हा आजचे हे बोलणे कोणा इंजिनिअरचे नव्हे. मातीत आणि रंगात हात घातलेल्या एका बाईचे आहे, असे समजून ऐकावे.

प्रथम हा प्रकार आहे तरी काय, ते पाहू. कागदावर आपण चेहरा काढतो तेव्हा नाक पुढे आलेले दिसावे म्हणून त्याच्या एका अंगाला छाया देतो. कागद मात्र सपाटच असतो. फोटोचेही तेच. त्रिमितीच्या, म्हणजे ज्याला थ्री-डी म्हणतात त्या पद्धतीत, संगणकाच्या आत सबंध डोके तयार करावे लागते. लांबी-रुंदीबरोबर खोलीही द्यावी लागते. कानामागची खळगी, मानेचा मागचा भाग, हनुवटीची खालची बाजू, यांतले काहीही चुकविता येत नाही. असे डोके तयार झाले की ते पाटावरच्या मूर्तीसारखे गोल फिरवून पाहता येते. मग तेथेच एक काल्पनिक दिवा लावायचा, एक काल्पनिक कॅमेरा मांडायचा, आणि या उजेडात, या जागेवरून हे डोके कसे दिसेल त्याचे चित्र संगणकाकडून करवून घ्यायचे. या शेवटच्या कामाला रेंडरिंग म्हणतात. दिवा डावीकडून उजवीकडे नेला की सावल्या आपोआप बदलतात, कारण आत खरोखरीचा आकार असतो.

आपल्या रायगड जिल्ह्याला ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. शेजारच्या पेणमध्ये घरोघरी गणपतीच्या मूर्ती घडतात. तेथले कारागीर मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अगदी शेवटी आणि सर्वांत सरावलेल्या हाताकडे देतात, हे आपल्यापैकी अनेकींनी पाहिले असेल. अलिबाग तालुक्यातील सासवणे हे तर नामवंत शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे गाव. १८९१ साली ते तेथे जन्मले, १९६७ साली निवर्तले. पुण्यातील शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा त्यांच्याच हातचा. सासवण्याच्या त्यांच्या घरी आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. तेथे राजे-महाराजे आणि पुढारी आहेत, तशी आपल्या किनाऱ्यावरची साधी माणसे आहेत, गुरेसुद्धा आहेत. मंडळाची सहल कधी त्या बाजूला गेली तर त्या मूर्तींभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. नुसत्या समोरून पाहू नका. करमरकरांनी माणूस चारी बाजूंनी पाहिला होता, हे तेव्हाच कळते. माझ्या संगणकातील कामाची पहिली शिकवण हीच आहे.

आता या विद्येचा जन्म कोठे झाला ते सांगते, कारण त्यात दोन स्त्रिया आहेत. १९७१ च्या सुमारास अमेरिकेतील यूटा विद्यापीठात आंरी गूरो नावाचे एक फ्रेंच संशोधक काम करीत होते. संगणकात वळणदार पृष्ठभाग गुळगुळीत कसा दाखवावा, हा त्यांचा विषय होता. त्यासाठी चेहरा हवा होता. त्यांनी आपली पत्नी सिल्वी हिच्या चेहऱ्यावर रेघा आखून चौकटी पाडल्या, त्या चौकटींच्या कोपऱ्यांची मापे घेतली आणि ते आकडे संगणकात भरले. संगणकाने गुळगुळीत छटा देऊन दाखविलेल्या अगदी पहिल्या मानवी चेहऱ्यांपैकी तो एक. तोंडावर रेघा मारून घेऊन तासन् तास स्तब्ध बसायला किती धीर लागला असेल, ते ज्याने त्याने ओळखावे! पुढे १९७५ साली त्याच विद्यापीठातील मार्टिन न्यूएल यांना नमुन्यासाठी एखादी वस्तू हवी होती. त्यांच्या पत्नी सँड्रा यांनी सुचविले, चहाचा हा संचच घ्या की! तेव्हा घेतलेली ती चहाची किटली आजही जगभरच्या शिकाऊ मंडळींना सरावासाठी दिली जाते, आणि मूळ किटली कॅलिफोर्नियातील संगणक इतिहासाच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. या विद्येच्या पायात एका बाईचा चेहरा आणि एका बाईची किटली आहे. तेव्हा 'हे आपले काम नव्हे' असे निदान आपण तरी म्हणू नये.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते थोडक्यात सांगते.

सुरुवात फोटोंपासून होते. ज्या व्यक्तीचा चेहरा करायचा तिचे समोरून, दोन्ही कडांनी, तिरके असे फोटो लागतात. ते जवळून घेऊ नयेत. मोबाइल तोंडाशी धरून घेतलेल्या फोटोत नाक मोठे होते आणि कान मागे पळतात. पाच-सहा हात दूर उभे राहून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरून, खिडकीच्या उजेडात घेतलेला फोटो खरा.

मग संगणकात एक गोळा घ्यायचा. होय, गोळाच! कणकेचा गोळा हाताने ओढावा, दाबावा, खोलगट करावा, तसे येथे निरनिराळे 'ब्रश' असतात. एक ओढतो, एक मातीची पट्टी चढवितो, एक गुळगुळीत करतो, एक सुरकुती पाडतो. आधी कवटीचा मोठा आकार, मग डोळ्यांच्या खोबणी, गालांची हाडे, जबडा. ओठांची कड किंवा पापण्या यांना शेवटपर्यंत हात लावू नये. नवशिकी मंडळी नेमकी डोळ्यांपासूनच सुरुवात करतात, आणि मग सुंदर डोळे भलत्याच जागी बसलेले सापडतात. शाळेतल्या मुलींचेही असेच होई.

सॉफ्टवेअरमध्ये आरशाची एक सोय असते. डाव्या गालावर काम केले की उजव्या गालावर तेच आपोआप उमटते. श्रम निम्मे होतात. परंतु ही सोय चालू ठेवून डाव्या नाकपुडीत नथ घातली, की उजवीतही दुसरी नथ येते! यातला विनोद सोडून द्या. पण खऱ्या माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा कधीच नसतो. एक भुवई किंचित वर असते, हसताना तोंडाची एक कड अधिक वळते, वर्षानुवर्षे एकाच कुशीवर निजण्याने एक गाल वेगळा दिसतो. म्हणून अर्ध्या वाटेवर तो आरसा बंद करून दोन्ही बाजू निरनिराळ्या कराव्या लागतात. ओळख बहुधा त्या फरकातच असते.

यानंतर आपल्या परिचयाची दोन कामे येतात. पहिले विणकामाचे. घडविलेल्या आकारावर चौकोनी घरांची एक जाळी बसवावी लागते. क्रोशाच्या रुमालात मध्यापासून जसे गोल फेरे घालतो, तसे डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती घरांचे फेरे घालावे लागतात. फेरे नीट पडले तर चेहरा हसविता येतो; उलटसुलट पडले तर हसताना गाल चुरगळतो. दुसरे काम शिवणाचे. शिंपी सपाट कापड कापून, टक्स घालून अंगाच्या आकाराचा ब्लाउज शिवतो. येथे नेमके उलटे करायचे. चेहऱ्याच्या आकारावर शिवणी ठरवायच्या, त्या उसवायच्या, आणि कातडी सपाट पसरायची, म्हणजे तिच्यावर रंग देता येतो. सॉफ्टवेअरमध्येही या रेघांना शिवणच म्हणतात. शिवण कोठे घ्यायची? जेथे दिसणार नाही तेथे, कानामागे, केसांखाली. जिने आयुष्यात चार पोलकी शिवली आहेत, तिला हे शिकविण्याची गरज नाही.

मग कातडीचा रंग. हा या विद्येतला अवघड भाग. पुष्कळ वर्षे संगणकातली माणसे मेणाची किंवा प्लास्टिकची वाटत असत. कारण असे की भिंतीवर पडलेला उजेड पृष्ठभागावरूनच परततो, पण कातडीवर पडलेला उजेड थोडा आत शिरतो, आत पसरतो आणि दुसऱ्याच जागेवरून बाहेर येतो. घरी जाऊन अंधारात विजेरी तळहाताखाली धरून पाहा. बोटे लालसर उजळलेली दिसतील. तोच हा प्रकार. २००१ साली हेन्रिक वान येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित संगणकाला झेपेल अशा रीतीने मांडले, आणि त्यानंतर पडद्यावरच्या कातडीत जीव आला. त्यातील संशोधकांना पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तांत्रिक पुरस्कारही दिला.

डोळ्यांत ओलावा लागतो, खालच्या पापणीच्या कडेला पाण्याची एक बारीक रेघ लागते आणि बुबुळावर खिडकीच्या उजेडाचा एक ठिपका लागतो. तो ठिपका नसला तर डोळे निर्जीव दिसतात. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी अभ्यासकाने १९७० साली एक मार्मिक गोष्ट लिहून ठेवली. बनावट माणूस खऱ्यासारखा होत जातो तसा तो आपल्याला अधिक आवडतो. पण अगदी खऱ्याजवळ येऊन थोडक्यात हुकला, की एकदम किळस वाटते. बाहुली आवडते, पण जवळजवळ माणूस वाटणारी बाहुली नकोशी होते. पेणचा कारागीर डोळ्यांची आखणी शेवटी आणि जपून का करतो, ते यावरून समजावे.

भगिनींनो, येथवर झाली ती कारागिरी. आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येते. चेहरा कसा करावा हे सॉफ्टवेअर शिकविते. कोणाचा करावा आणि किती खरा करावा, हे ते शिकवीत नाही.

घाट चढून गेल्यावर लोणावळ्याजवळ मळवली लागते. राजा रविवर्मा यांचा चित्रांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि १८९९ साली मळवलीला गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघरी गेल्या. ज्यांना देवळात जाणे शक्य नव्हते त्यांच्याही घरात देव आले, हा त्यांचा मोठाच उपकार. परंतु त्याचबरोबर लक्ष्मी म्हटले की गोरी, भरल्या गालांची, विशिष्ट वळणाची एकच मुद्रा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहू लागली. एक चांगला नमुना लाखो घरांत गेला, की बाकीचे नमुने मागे पडतात.

आज तेच काम संगणक करतो आहे, आणि शतपटीने वेगाने करतो आहे. थ्री-डी काम करणाऱ्यांसाठी तयार डोकी मिळतात. त्यांतील पुष्कळशी तरुण, सडपातळ, नितळ कातडीची, परदेशी ठेवणीची असतात. आता तर दोन ओळी लिहून मागितल्या की क्षणात चित्र तयार करणारी यंत्रेही आली आहेत. 'मराठी आजीबाई' असे लिहून मागा. मोत्यांची नथ, हिरवा शालू आणि जाहिरातीतले हसू घेतलेली, पिकलेल्या केसांची पण गुळगुळीत गालांची एक बाई येईल. ती वाईट नसते. पण ती कोणाचीच आजी नसते. हजारो चित्रांची सरासरी काढून केलेला तो चेहरा असतो, आणि सरासरीच्या चेहऱ्याला कोणी हाक मारीत नाही.

मी आमच्या शेजारच्या एका काकूंचा चेहरा करीत होते. वय ऐंशीच्या पुढे. काम अर्ध्यावर आल्यावर मी त्यांना दाखविले आणि विचारले, "काकू, कपाळावरच्या या आठ्या जरा कमी करू का?"

त्या म्हणाल्या, "नको गं बाई. आठ्या काढल्यास तर मला ओळखणार कोण? आणि हे बघ, डाव्या भुवईवर खोक पडली होती लहानपणी, ती तू घातलीच नाहीस."

मी चष्मा लावून पाहिले. खोक होती, पांढऱ्या भुवईत झाकलेली, पण होती. ती घातल्यावर त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हं, आता मी आले."

आपल्याकडच्या कातडीचेही असेच आहे. डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला आपला रंग थोडा गडद असतो, कपाळाचा निराळा, गळ्याचा निराळा. कुंकवाच्या जागी वर्षानुवर्षांनी कातडी थोडी वेगळी झालेली असते. हे सारे पुसून एकसारखा उजळ रंग दिला की चेहरा 'छान' होतो आणि माणूस नाहीसा होतो. पूर्वी परदेशांत रंगीत फोटो धुताना रंग जुळविण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीच्या फोटोचे कार्ड समोर ठेवीत. साहजिकच सावळ्या माणसांचे फोटो नीट निघत नसत. यंत्राचे माप कोणी तरी ठरविलेले असते. ते माप आपल्या माणसांसाठी बदलायचे तर, ज्यांनी ही माणसे जन्मभर जवळून पाहिली आहेत त्यांनीच पुढे यायला हवे. काकूंच्या भुवईवरची खोक मुंबईच्या स्टुडिओतल्या मुलाला कोठून ठाऊक असणार?

दुसरी गोष्ट खरेपणाची. शिवाजी महाराजांच्या बाबतीत काय झाले ते आठवून पाहा. कित्येक वर्षे दुसऱ्याच एका माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते आणि लोक त्याला भक्तिभावाने हार घालीत होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांच्या काळातील चित्राचा माग काढून ते १९३३ साली लोकांपुढे आणले, तेव्हा हा घोटाळा मिटला. केवढ्या थोर पुरुषाच्या बाबतीत असे घडू शकते, तर साध्या माणसांची काय कथा! आणि तो जमाना छापखान्याचा होता. आज एक मुलगा एका रात्रीत एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीचा असा चेहरा करील की तो कालच काढलेला फोटो वाटावा. तो मोबाइलवरून गावोगाव जाईल, आणि 'हाच खरा चेहरा' म्हणून बसेल.

उदाहरणादाखल डॉ. आनंदीबाई जोशी घेऊ. त्यांचा जन्म १८६५ सालचा, माहेर आपल्या जवळच्या कल्याणचे. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती तोच, गेल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्याबरोबर शिकणाऱ्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या एक विद्यार्थिनी, अशा तिघींचा १० ऑक्टोबर १८८५ रोजीचा एक फोटो प्रसिद्ध आहे. तिघीही आपापल्या देशाच्या वेशात आहेत. समजा, मंडळाच्या भिंतीसाठी आपण आनंदीबाईंचा त्रिमितीय चेहरा करायला घेतला. डोळ्यांतले अंतर, नाकाची ठेवण, ओठ, हे फोटोवरून घेता येईल. पण फोटो काळा-पांढरा आहे. लुगड्याचा रंग कोणता होता? तो आपल्या मनाचा. कातडीची छटा? अंदाजाची. मागच्या केसांची बांधणी? त्या काळच्या चालीरीतींवरून ठरविलेली. असे ठरविण्यात पाप नाही. सगळे शिल्पकार हेच करीत आले आहेत. परंतु चित्राखाली चार शब्द लिहावेत: 'चेहरा फोटोवरून, रंग व केशरचना कल्पनेने.' चित्राचे मोल याने कमी होत नाही. उलट पुढच्या पिढीतील एखादी मुलगी नवा पुरावा हाती आल्यावर ते सुधारू शकेल. हा साधा नियम आपण सर्वांनी पाळावा, असे मला कळकळीने वाटते.

तिसरी गोष्ट सांगताना जीव थोडा जड होतो. पण घरात मुली असलेल्या आयांपुढे ती बोलायलाच हवी. ज्या विद्येने काकूंचा चेहरा प्रेमाने घडविता येतो, तिच्याच चुलत भावंडांसारख्या तंत्रांनी कोणा मुलीचा चेहरा उचलून दुसऱ्याच शरीरावर बसविता येतो. असे प्रकार घडत आहेत. अशा वेळी घरात पहिला प्रश्न "तू फोटो कशाला टाकलास?" असा निघतो. तो प्रश्न गिळून टाका. चेहरा तिचा आहे. चोरी दुसऱ्याने केली आहे. चित्र आले असेल तर ते कोठून आले त्याची नोंद ठेवावी, पोलिसांत तक्रार करावी. सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालापासून आहे, आणि संमतीवाचून एखाद्याच्या शरीराची खासगी चित्रे काढण्या-पसरविण्याबद्दल त्यात शिक्षा आहे. आणि आपण स्वतः कोणाचा चेहरा करायला घेऊ तेव्हा आधी विचारावे. म्हाताऱ्या माणसाला काय विचारायचे, असे म्हणू नये. काकूंना मी विचारले होते, आणि पूर्ण झालेले चित्र कोणाला दाखवायचे हेही त्यांनीच ठरविले.

आता कोणी विचारील, हे सारे खरे, पण याला खर्च किती? येथे एक गोष्ट सांगते. वर्गणी गोळा करण्यात मुरलेल्या आपल्या मंडळाला ती विशेष आवडेल. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर १९९४ साली हॉलंडमधील टॉन रोसेंडाल यांनी सुरू केले. २००२ साली ती कंपनी बंद पडली. सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोकळे करायचे तर गुंतवणूकदारांना एक लाख युरो द्यावे लागणार होते. तेव्हा रोसेंडाल यांनी जगभरच्या वापरणाऱ्यांकडे वर्गणी मागितली, आणि सात आठवड्यांत ती रक्कम जमली! तेव्हापासून ते सर्वांना विनामूल्य मिळते. लाटव्हिया या चिमुकल्या देशातील मंडळींनी याच सॉफ्टवेअरवर 'फ्लो' हा चित्रपट केला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही हे काम चालते. 'दिल्ली सफारी' हा २०१२ सालचा त्रिमितीय चित्रपट पुण्याच्या स्टुडिओत घडला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा ज्या मुलींचा हात चित्रकलेत चांगला आहे, त्यांना हा उपजीविकेचाही मार्ग होऊ शकेल. संगणक बरा लागतो, हे खरे. एक स्वच्छ चित्र तयार व्हायला घरच्या संगणकाला कधी कधी सारी रात्र लागते. पण घाईने कुठे पुरणपोळी झाली आहे?

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते आणि संपविते.

पुष्कळ घरांत पणजीचा एकही फोटो नसतो. असलाच तर लग्नाच्या घोळक्यातला, मागच्या रांगेतला, पदराने निम्मा झाकलेला. पुरुषांचे फोटो नोकरीच्या, सत्काराच्या निमित्ताने निघाले. बायका फोटो काढायच्या वेळी स्वयंपाकघरात होत्या. जे गेले ते आता परत आणता येणार नाही. यंत्राला सांगून एखादी सुरेख पणजी बनवून भिंतीवर टांगावी, असे मला वाटत नाही. पण आज ज्या आपल्यात आहेत, मंडळात पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांचे काय?

आपण महिन्यातून एक दुपार ठेवू. सत्तरीच्या पुढच्या ज्या सभासद आनंदाने तयार असतील त्यांना खिडकीजवळ स्टुलावर बसवू. चष्मा काढून एकदा, घालून एकदा. केस कानांमागे घेतलेले. पाच-सहा हातांवरून, थोडे थोडे सरकत, एकावर एक येतील असे चाळीस-पन्नास फोटो सभोवती घेऊ; अशा फोटोंवरून डोक्याचा आकार संगणकात उभा करता येतो. एकदा तोंड मिटून, एकदा हसून. लुगड्याच्या काठाचा फोटो वेगळा, हातांचा वेगळा. कागदावर नाव, तारीख, त्यांच्या तोंडून दोन ओळी, आणि संमतीची सही. हे सारे दोन ठिकाणी जपून ठेवू. चेहरा लगेच घडविला पाहिजे असे नाही. साहित्य खरे असले तर वीस वर्षांनी एखादी नात तो घडवील, आणि तिच्या हाती तेव्हा आजच्याहून चांगली साधने असतील. पण तेव्हा फोटो काढायला आजी नसेल. घाई करायचीच तर ती एवढ्यापुरती आहे.

शिकू इच्छिणाऱ्या मुलींना आणि सुनांना मी शनिवारी दुपारी शिकवीन. शुल्क नाही. पहिल्या दिवशी संगणक उघडायचा नाही. प्रत्येकीने समोरच्या बाईकडे पंधरा मिनिटे नुसते पाहायचे, आणि तिच्या चेहऱ्यावरच्या, यापूर्वी कधी लक्षात न आलेल्या पाच गोष्टी सांगायच्या. सासू-सुना जोडीने आल्या तर अधिकच चांगले!